चातुर्मासात सोडलेली पत्रं

नवस आहे म्हणतेस? — बरं बाई, राहू दे, हात मागं घेऊ नकोस, मी काही हिसकावून घेत नाही तुझा लिफाफा. मनमाडच्या गाडीला अजून तासभर आहे, हा एवढाच बाक सावलीत आहे, आणि मघापासून तिसऱ्यांदा तू तो पिशवीतून काढलास, डोळ्यांना लावलास, परत ठेवलास, म्हणून विचारलं. पाच मंगळवार करायचे आणि मग माहेरच्या देवीपुढं ठेवून फोडायचा — असंच म्हणालीस ना? दोन झाले, तीन राहिले. मी हसायची नाही हो, मालन, नवसाला. माझा जन्म नवसांतच गेला. मूल व्हावं म्हणून केले, झालेलं जगावं म्हणून केले, ह्यांचा दमा जावा म्हणून केले — दमा गेला नाही, हेच गेले — तरी देवाला मी कधी उलटून बोलले नाही. आणि असाच एक नवस सत्तावन्न साली बोलले होते. घोडनदीच्या रामलिंगाच्या देवळात, आषाढी एकादशीच्या आदल्या संध्याकाळी, ओल्या पदरानं उभी राहून. म्हटलं, देवा, माझ्या चिंतामणची दिल्लीची नोकरी कायम होऊ दे, आणि कायम होईल की नाही ते तू बघ, मी मात्र आजपासून कार्तिकीपर्यंत, चार महिने, त्याचं पत्र ऐकणार नाही.

का म्हणजे? अगं, चातुर्मासात बायका काय सोडतात? कुणी वांगं सोडतं, कुणी गूळ, आमच्या शेजारची धुरपदा दरसाल पडवळ सोडते — तिला ते मुळातच आवडत नाही, ती गोष्ट वेगळी. मी सगळं सोडून बसले होते. कांदा सोडला, मीठ सोडलं, पायातली वहाण सोडली. मग मनाला विचारलं, मुक्ते, आता तुझ्याकडं सोडण्यासारखं उरलंय काय? जीव कशात आहे तुझा? तर त्या पत्रांत होता. महिन्याला एक पत्र यायचं दिल्लीहून, निळ्या शाईचं. तेच सोडलं. आणि नवस बोलून दाखवला की फळत नाही म्हणतात, म्हणून कुणाला सांगितलं नाही. त्यालाही नाही.

थांब, असं मधूनच सांगितलं तर तुला कळायचं नाही. आम्ही शिरूरचे — सरकारी कागदावर शिरूर, आमच्या तोंडात घोडनदी. आमचे हे तिथं मामलेदार कचेरीसमोर लिंबाखाली पाट मांडून अर्ज लिहायचे. बापूसाहेब म्हणायचे त्यांना सगळे. कुणाचा बांधाचा तंटा, कुणाची वारसाची नोंद, कुणाला बंदुकीचा परवाना हवा — लोक यायचे, उकिडवे बसायचे, रडायचे, आणि हे ते रडणं चांगल्या मराठीत उतरवून द्यायचे. अर्ज पुरा झाला की आधी कपाळाला लावायचे, मग सही घ्यायचे. आणि घरात एक रीत होती त्यांची — सरकारी शिक्क्याचा कोणताही कागद घरात आला की आधी देवापुढं. मग फोडायचा. म्हणून तुला बघितलं आणि जीव चरकला माझा. तू लिफाफा डोळ्यांना लावलास ना, अगदी तस्सा लावायचे ते. पण पोरी, ते पाच मंगळवार थांबायचे नाहीत. निरांजन लावायचं, हात जोडायचे, की लगेच चाकूनं कड कापायची. रीत तेवढीच होती. ती मी वाढवली.

पोरगा कागदांतच वाढला. मॅट्रिक झाला, पुण्यात टायपिंग शिकला, परीक्षा दिली, आणि त्रेपन्न साली दिल्लीला कायदेखात्यात लागला. सगळ्या देशाचे कायदे जिथं लिहितात तिथं, बघ! ह्यांनी तेव्हा लिंबाखालच्या सगळ्यांना चहा पाजला. म्हणाले, "म्या तालुक्याचे अर्ज लिहिले, माझा चिंतू मुलखाचे कायदे लिहिणार." तो लिहीत नव्हता गं, तो नुसता मिळवून बघायचा — म्हणजे एकजण मूळ कागदावरनं मोठ्यांदा वाचणार, दुसरा छापलेल्यावर बोट ठेवून बघणार, स्वल्पविराम चुकला तरी थांबवायचं. पण बापाला काय सांगायचं. त्याच थंडीत हे गेले, तो चहा मात्र मनासारखा पाजून गेले.

मला लिहिता-वाचता येत नाही. पण त्या खात्याचा इतिहास म्हणशील तर घोडनदीत माझ्याइतका कुणाला ठाऊक नसेल — हसतेस? हस. दर पत्रात पोरगं थोडं थोडं लिहायचं, मला एकटीला बरं वाटावं म्हणून, आणि मी ते पाठ करून ठेवायचे. पहिल्यांदा म्हणे हे सगळं कलकत्त्याला होतं. विलायतेहून एक कायद्याचा साहेब आणून बसवला लाटसाहेबाच्या सभेत. तर त्याला सभेत बसायचं ते फक्त कायदे करायच्या दिवशी — बाकीच्या कारभारात बोलायचं नाही, मत द्यायचं नाही. मी म्हटलं, अगं बाई, म्हणजे आमच्यासारखंच की! स्वैपाकाचं काय ते विचारणार, बाकी तुम्ही आत बसा. पुढं राजधानी दिल्लीला आली, तसं खातंही आलं. उन्हाळा लागला की सगळं दप्तर पेट्यांत भरून सिमल्याला डोंगरावर, थंडी पडली की परत खाली. चिंतामणच्या हाताखाली एक म्हातारा दफ्तरी होता, फायली बांधणारा, त्यानं त्या पेट्या चढवल्या-उतरवल्या होत्या. तो म्हणायचा म्हणे, बाबूजी, गोरे लोक इतके उन्हाला भ्यायचे की न्यायसुद्धा सावलीत नेऊन ठेवायचे. मग स्वराज्य आलं. खातं आपलं झालं, मंत्री आपला झाला, आणि जुने कायदे काढून नवे करायचं इतकं काम निघालं की बसायला जागा पुरेना. चिंतामणची शाखा लढाईच्या दिवसांत बांधलेल्या बराकीत होती — पत्रा, विटा, आणि लांबच लांब ओसरी. उन्हाळ्यात खिडकीला वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी मारायचे. मी त्याला विचारलं होतं, बाबा रे, न्यायाचं घर आणि ते पत्र्याचं? तर लिहिलं त्यानं, "आई, नवी इमारत बांधायचं चाललंय. कित्येक मजली. ती झाली की तुला आणीन. जिना चढवत नसेल तर खाली उभी राहा, मी खिडकीतनं हात दाखवीन."

हे सगळं वाचून कोण दाखवायचं? सुभान. टपालवाला आमच्या आळीचा. सायकल भिंतीला टेकवायचा, उंबऱ्यावर बसायचा, "वैनी, दिल्ली आली," म्हणायचा. मग वाचायचा, नाटकात म्हणतात तसं, हात हलवून. आणि उत्तर लिहायची हमीदा, त्याची भाची. आई-बाप लहानपणीच गेले, मामानं वाढवली. सातवीपर्यंत शिकलेली, आणि अक्षर असं — ज्वारीचे दाणे ओळीनं मांडावेत तसं. रोज दुपारी यायची, ओसरीवर मांडी घालून बसायची. मी सांगायचे, ती लिहायची. कधी मी रडले की म्हणायची, "हे नको लिहू या, चाची. त्याला जेवण जाणार नाही." कधी मी दमून गप्प बसले की आपल्या मनानं दोन ओळी घालायची आणि वाचून दाखवायची, आणि मला वाटायचं, अगदी हेच तर मला म्हणायचं होतं. दोन-अडीच वर्षं हे असं चाललं. तो माझ्या पत्रांना उत्तर द्यायचा की त्या अक्षराला, ते देवालाच ठाऊक. मी आपली म्हणायची, पोरगं आईवर किती माया करतं, केवढाली पत्रं लिहितं.

हां — चौपन्नच्या अखेरीला एक पत्र आलं होतं. लिहिलं होतं, आई, एक नवा कायदा झाला, आम्ही दोघांनी दोन दिवस बसून तो मिळवला. दोन निरनिराळ्या धर्मांची माणसं, कुणीही आपला धर्म न सोडता, सरकारी हापिसात सही करून लग्न करू शकतात. आधी नोटीस द्यायची. ती महिनाभर भिंतीवर लावतात, कुणाची हरकत असेल तर सांगायला. आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न केलं नाही तर ती नोटीस रद्द होते. सुभाननं वाचलं. हमीदा दौत घेऊन बसली होती. मी म्हटलं, लिही, कायदा चांगला आहे, कुणाचं कल्याण व्हायचं असेल तर होऊ दे. तिनं लिहिलं. मान वर केली नाही तिनं, एवढं मला आज आठवतं. तेव्हा मी डाळ निवडत होते.

छप्पन साली ती पुण्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला गेली. आणि सत्तावन्नला माझा नवस.

पहिलं पत्र आलं आषाढ सरता सरता. सुभान उंबऱ्यावर बसला, म्हणाला, "वैनी, दिल्ली आली." मी म्हटलं, आण इकडं. देवापुढं ठेवलं. म्हटलं, आता कार्तिकीनंतर. तो बघत राहिला. "वाचायचं न्हाई?" नाही. "बरं," म्हणाला. दुसरं श्रावणात. तिसरं भाद्रपदात, गौरीच्या आधी चार दिवस. दरखेपेस तो पत्र द्यायचा आणि लगेच जायचा नाही. सायकल धरून उभा. "वैनी, काय जबाब हाय का? थांबतो म्या." मी म्हणायचे, व्रत आहे रे बाबा. मला अभिमान वाटायचा, मालन. खरं सांगते. तीन पाकिटं देवापुढं, वर बेलाचं पान, आणि माझा जीव नुसता तळमळतोय, आणि मी बसलेय जप करत. वाटायचं, एवढं कठीण व्रत कुणी केलं नसेल. देवाला द्यावंच लागेल.

तीनही पत्रांत काय होतं, ते सांगते. पहिल्यात होतं की, आई, मी चार दिवस रजा काढून पुण्यापर्यंत आलो होतो, घरी आलो नाही, रागावू नकोस — तुझं उत्तर आल्याशिवाय तोंड दाखवायचं धाडस झालं नाही. मी आणि हमीदानं नोटीस दिली आहे. तू 'ये' म्हण, मी तिला घेऊन पायांशी येतो. तू 'नको' म्हण, मी नोटीस मागं घेतो. तुझ्या शब्दाबाहेर मी नाही. दुसऱ्यात — आणि हे मी कुणाला सांगत नाही गं — दुसऱ्यात पहिलीच ओळ होती, "आई, मी कायम झालो." नवस फळला होता! देवानं श्रावणातच दिलं होतं. ते तिथं, बेलाच्या पानाखाली, बंद पडलं होतं, आणि मी त्याच्यापुढं बसून तेच मागत होते. तिसऱ्यात म्हणाला होता, महिना झाला, कुणाची हरकत नाही आली. फक्त तुझी वाट बघतोय. दसऱ्यापर्यंत मुदत आहे.

चौथं आलं दसऱ्यानंतर आठ दिवसांनी. पातळ होतं. त्या दिवशी सुभान बसला नाही. उभ्यानंच म्हणाला, "वैनी, देव काय टपालात कामाला न्हाई. फोडा की आता." आणि मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, अजून वीस-बावीस दिवस आहेत कार्तिकीला.

मग कार्तिकी झाली, उपास सोडला, सुभानला बोलावलं. चारही पत्रं त्यानं ओळीनं वाचली. हात हलवले नाहीत, आवाज वर-खाली केला नाही. स्वतःच्या भाचीचं नाव आलं तिथंही नाही. चौथ्यात दोनच ओळी होत्या: "नोटीस रद्द झाली. तुझं मन कळलं, आता हा विषय माझ्याकडून पुन्हा निघणार नाही." सुभाननं घड्या घातल्या, एकावर एक ठेवली, आणि "येतो वैनी" म्हणून गेला. पुढं नऊ वर्षं तो पत्रं देत राहिला, पण उंबऱ्यावर बसला नाही कधी.

असं झालं बघ. नवसापायी झालं. मी काय मुद्दाम —

तू अशी बघू नकोस माझ्याकडं.

बरं. तू कुठली, मी कुठली, तुझी-माझी गाडी एक आणि उतरायचं ठिकाण वेगळं. तुला सांगायला काय जातंय. मला ठाऊक होतं. सगळं नाही, पण ठाऊक होतं. गौरी जेवायच्या दिवशी धुरपदा माझ्या परसात आली, पदर तोंडाला लावून, म्हणाली, "काय गं मुक्ते, तुझ्या लेकानं पुण्याला कचेरीत नोटीस लावलिया म्हनं, सुभानच्या पोरीसंग! आमचा ह्यो बघून आलाय. तुला काय सांगितलं न्हाई व्हय त्यानं?" मी म्हटलं, नाही बाई, काही पत्र नाही आलं. असं म्हटलं मी, मालन! देवघर मागं, तीन पाकिटं तिथं, आणि मी म्हटलं, पत्र नाही आलं. त्या दिवसापासनं दसऱ्यापर्यंत महिना होता. एक पाकीट फोडायला काय लागतं? बोट लागतं. नवस मोडला असता तर रामलिंग माझ्यावर कोपला नसता, एवढं मला त्याचं मन ठाऊक आहे. पण पत्र बंद होतं तोवर मला हो म्हणायचं नव्हतं आणि नाही म्हणायचं नव्हतं. हो म्हटलं असतं तर आळी काय म्हणेल, गौरी कोण पुजेल, ह्यांच्या श्राद्धाला कोण बसेल — आणि नाही कशी म्हणू? त्या पोरीच्या हातानं तर मी इतकी वर्षं बोलत होते. म्हणून बसले जप करत. म्हटलं, देव काढील मार्ग. त्यानं मार्ग काढून दिला होता गं, पाकिटात घालून दिला होता. मीच पाटावर ठेवला आणि फुलं वाहिली.

पुढं? पुढं काय. मी दुसऱ्या कुणाकडून तरी लिहवलं, बाबा, नवस होता म्हणून पत्रं फोडली नाहीत. त्याचं आलं, "बरं आई." तेवढंच. मग संक्रांतीच्या सुमाराला एका पत्रात, तब्येतीच्या चौकशीत, मधेच एक ओळ होती — कायद्यात नोटीस पुन्हा देता येते. बस, एवढीच, शेवटी प्रश्न नाही, काही नाही. आणि मी उत्तर काय सांगितलं? यंदा बाजरी चांगली आलीय म्हणून. हो. बाजरी. ती ओळ आली नव्हतीच असं केलं मी. दुसऱ्यांदा तर पत्र उघडं होतं. तिथं नवसही नव्हता आड.

लग्न केलं नाही त्यानं. हमीदानंही नाही. ती ट्रेनिंग संपवून इथं दौंडला शाळेत लागली, घोडनदीला फिरकली नाही. तो दरसाल दिवाळीला यायचा, पाया पडायचा, मला काय हवं नको बघायचा. खात्याच्या गोष्टी सांगायचा — नवी इमारत केवढी उठलीय, फायली केवढ्या, एक माकड खिडकीतनं येऊन कुणाचा डबा पळवतं. मी हसायचे. तोही हसायचा. नऊ वर्षं आम्ही असे हसलो.

म्हणून मी दुसरा नवस बोलले त्यानंतर. दारात आलेला कागद दारातच फोडीन. देवापुढं नंतर. कुणाचाही असो, कसलाही असो, पायातली वहाण काढायच्या आत फोडीन. तो मात्र पाळला. नऊ वर्षं पाळला. वाण्याचं बिल फोडलं, लग्नाच्या पत्रिका फोडल्या. आणि माघात सुभान आला — आता म्हातारा झालाय, सायकल हातानं ढकलतो — आणि त्याच्या हातात तार. मी फोडली. उंबऱ्यातच. त्याच्यापुढं धरली. त्यानं वाचली आणि नऊ वर्षांनी पहिल्यांदा उंबऱ्यावर बसला. नुसता बसला.

विषमज्वर झाला होता. हापिसातल्या लोकांनीच सगळं केलं, चांगली माणसं आहेत, त्यांना दोष नाही. आता पत्र आलंय त्याच्या हेडक्लार्कचं — ट्रंक आहे, कपडे, पुस्तकं, नेऊ शकता, नाहीतर कळवा, पाठवून देतो. मी म्हटलं, मी जाते. मघाशी तुला काय सांगितलं मी? लेकाकडं चाललेय दिल्लीला, असंच ना? — तर ते असं आहे. खोटं नाही अगदी.

एकटी? नाही, एकटी कशी जाईन. मला पाटीवरचं स्टेशनसुद्धा वाचता येत नाही. ती बघ, तिकिटाच्या खिडकीपाशी रांगेत, निळं लुगडं, खांद्याला पिशवी. वळून बघतेय बघ, मी आहे की नाही ते. हमीदा ती. काल एस.टी.नं आले, तिच्या दारात उभी राहिले. वाटलं, दार लावून घेईल. लावायला हवं होतं. तिनं माझ्या हातातलं पत्र घेतलं, वाचलं, मधेच एकदा भिंतीला हात टेकला, आणि म्हणाली, "गाडी कितीची आहे, चाची?" बस. शाळेत रजेचा अर्ज टाकला. सकाळी उठून माझ्यासाठी वेगळं पातेलं राखेनं तीनदा घासलं, बिनकांद्याची भाजी केली, दशम्या बांधल्या. "तुमचं व्रत असेल काही," म्हणाली. व्रत! मला म्हणाली गं ती.

तिला अजून वाटतं की मी नाही म्हटलं. सुभाननं सांगितलं असेल नवसाचं, तर तेवढं. धुरपदाचं कुणाला ठाऊक नाही. बाजरीचं ठाऊक नाही. ही पुरचुंडी आहे ना, यात ती चार पत्रं आहेत आणि पाचवं ते संक्रांतीचं. द्यायला म्हणूनच आणलीत. काल दिली नाहीत. सकाळी दिली नाहीत. म्हटलं, गाडीत देईन. मग म्हटलं, दिल्ली आल्यावर. ती नवी इमारत बघितली की देईन, खाली उभी राहून, तो म्हणाला होता तशी. बघितलंस? चाललंच माझं. सवय लागलीय हाताला.

म्हणून मी तुझ्याजवळ येऊन बसले, मालन. उगाच नाही. तो लांब लिफाफा, कडेला तो शिक्का — मी अर्जनवीसाची बायको आहे, घरात असे शेकड्यांनी पाहिलेत. कोर्टाचा आहे तो. नवऱ्यानं लावलाय ना दावा? — रडू नकोस. सांगू नकोस, मला कळलं. तुलाही आत काय आहे ते ठाऊक आहे, म्हणून तर पाच मंगळवार. पण आमचे हे सांगायचे, नोटिशीत तारीख असते. त्या तारखेला आपण उभं राहिलो नाही तर आपल्यामागं एकतर्फी निकाल लागतो. देवीला तुझी काळजी आहे, पोरी, पण कोर्टाला तुझे मंगळवार माहीत नाहीत. माझ्या लेकाचा निकाल एकतर्फी लागला, आणि तो मी लावला, देवघरात बसून, सोवळ्यात. तुझा लागू देऊ नकोस. तुला म्हणायचं असेल काही, तर जाऊन म्हण. नसेल म्हणायचं तरी जाऊन उभी राहा.

देवीचं म्हणशील तर उरलेले तीन मंगळवार माझ्याकडं दे. मी करीन. दिल्लीत करीन, गाडीत करीन, उपासाची मला सवय आहे. देवीला सांगेन, हिचे मी घेतले. ती नाही म्हणायची नाही. तू फक्त माझा दुसरा नवस घे. हातात आलेला कागद हातातच फोडायचा. वाईट असो, बरा असो. त्यानं आतलं बदलत नाही, माघात मी बघितलं की. पण वेळ हातात असतो थोडा. मला नऊ वर्षांपूर्वी महिना होता. तुला किती आहेत ते त्या पाकिटात लिहिलंय.

वाचता येत नाही? मग काय झालं. हमीदा मास्तरीण आहे, ती वाचेल. हळू वाचते, दोनदा वाचते, आणि काही वाईट असलं तर आधी पाणी पाजते.

आली बघ. तिकिटं मिळाली वाटतं. डोळे पूस. सरक थोडी, तिला बसू दे मधे. — ये गं हमीदा, बस. ही पाटसची मालन. हिला एक कागद वाचून हवाय. आणि तो झाला की... हे धर. हे घे, मी सोडते गाठ. पाच आहेत. पहिल्यापासून वाच. मोठ्यांदा वाच, मी इथंच बसलेय.

मालन, तू आधी. फोड, बाळ.